श्रद्धा, क्रिया आणि कृपा : ख्रिस्ती तारणविचाराची मीमांसा



काही दिवसांपूर्वी राणीसावरगावी सायंकाळचे शास्त्रवाचन आटोपून मंडळी बसली असता आमच्या नात्यातील एका मुलीने एक प्रश्न केला. ही मुलगी परिचारिका असून एका शहरातील रुग्णालयात काम करते. तिच्यासोबत रात्रपाळीस दोन ख्रिस्ती परिचारिका असतात. एक प्रॉटेस्टंट पंथाची, दुसरी कॅथलिक. एके रात्री एक वृद्ध रुग्ण वारला. आयुष्यभर परोपकार केलेला, परंतु कोणत्याही देवळाची पायरी न चढलेला असा तो गृहस्थ होता. त्याच्यावरून त्या दोघींत बोलणे निघाले. पहिली म्हणाली, माणूस केवळ विश्वासाने तरतो, कर्माने कोणी तरत नाही. दुसरी म्हणाली, विश्वास तर हवाच, पण त्यास कर्माची जोड नसेल तर तो विश्वास काय कामाचा? मुलीने हे सारे सांगितले आणि विचारले, “आजोबा, त्यांच्या शास्त्रात खरे काय आहे? आणि मी रात्ररात्र जागून जी सेवा करते, तिचा हिशेब कुठे लागतो?”

पहिला प्रश्न परशास्त्राचा आहे, दुसरा तिच्या स्वतःच्या जीवाचा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचा नीट विचार केल्याविना देता येईना, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच केला आहे. ब्रह्मविद्याशास्त्राच्या नियतकालिकात ख्रिस्ती मताची चर्चा कशास, अशी शंका कोणी घेईल. तीस उत्तर इतकेच की, परमताचा विचार त्या मताच्याच शब्दांत समजून घेतल्यावाचून करू नये, ही शास्त्रचर्चेची जुनी रीत आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणारा वादी जिंकला तरी त्याच्या पदरी काही पडत नाही.

शब्दविचार

प्रथम शब्द पाहू. मराठी ख्रिस्ती समाजात मोक्षाऐवजी ‘तारण’ हा शब्द रूढ आहे. व्यवहारात कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूसही आपण तारणच म्हणतो. सावकाराने तारणाविना कर्ज दिले नाही, असे बोलतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ या वादाच्या मुळाशी जाण्यास उपयोगी पडतात. माणसाने देवाकडे काही ठेवावे आणि त्याच्या मोबदल्यात सुटका मिळवावी, असा हा व्यवहार आहे काय? की बुडणाऱ्यास कोणी हात द्यावा आणि त्याने तो धरावा, असे आहे? सारा वाद या दोन चित्रांमधला आहे.

दुसरे असे की, तारण आणि मोक्ष हे सर्वस्वी समानार्थी शब्द नव्हेत. आपल्या मते जीव अनादि आहे, अनादि अविद्येने बद्ध आहे आणि जन्ममरणाच्या रहाटीत सापडला आहे. ख्रिस्ती मते जीव ईश्वराने निर्माण केलेला आहे, त्यास जन्म एकच, आणि त्याचे मुख्य बंधन पाप हे होय. म्हणून ख्रिस्ती शास्त्री जेव्हा तारण म्हणतो तेव्हा पापाची क्षमा, ईश्वराशी समेट आणि त्याच्या सन्निध शाश्वत जीवन हे त्याच्या मनात असते. हा भेद न ओळखता ‘सर्व धर्मांचे सांगणे एकच’ असे म्हणून मोकळे होणे हा विचाराचा आळस होय.

श्रद्धापक्ष

श्रद्धापक्षाचा मुख्य आधार म्हणजे पौलाची पत्रे, त्यांतही रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेली. पौल हा मूळचा कडवा यहुदी शास्त्राभिमानी. ख्रिस्ताच्या अनुयायांत यहुदी नसलेले लोक येऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता करावी काय, यहुदी आहारनियम आणि सणवार पाळावे काय, असा वाद उत्पन्न झाला. पौलाने निक्षून सांगितले की नियमशास्त्रातील कर्मांनी कोणी ईश्वरापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्तावरील विश्वासानेच ठरतो. त्याने दृष्टांत दिला तो अब्राहामाचा. ईश्वराने अब्राहामास संततीचे वचन दिले, त्याने त्या वचनावर भरवसा ठेवला, आणि तो भरवसाच त्याची नीतिमत्ता म्हणून गणला गेला. हे घडले तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. सबब विधी नंतरचा, विश्वास आधीचा, असा पौलाचा युक्तिवाद आहे.

याच पक्षाचे लोक क्रूसावरील चोराची कथा सांगतात. लूकाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर चढविलेल्या दोन अपराध्यांपैकी एकाने शेवटच्या घटकेस आपला अपराध कबूल करून त्याची आठवण व्हावी एवढेच मागितले, आणि त्यास त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. त्याच्या हातून सत्कर्म घडण्यास वेळच उरला नव्हता.

पौलानंतर सुमारे चौदा शतकांनी हा पक्ष पुन्हा जोराने मांडला तो जर्मनीतील मार्टिन लूथर याने. लूथर हा संन्यासी होता. उपवास, जागरणे, पापनिवेदन यांत त्याने कसूर केली नाही. तथापि एवढे करूनही पुरेसे झाले की नाही, ही धास्ती त्याच्या मनातून जाईना. कर्मांची मोजदाद करणाऱ्यास शांती मिळत नाही, कारण मोजणी कोठे थांबवावी हे त्यास कळत नाही. पौलाचे रोमकरांस पत्र वाचता वाचता त्यास उमगले की नीतिमत्ता ही कमावण्याची वस्तू नसून ईश्वराने द्यावयाची आहे. १५१७ साली त्याने पापदंडाची माफी देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली पंचाण्णव प्रमेये मांडली आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात फूट पडण्यास आरंभ झाला.

येथे पाठचिकित्सा करणाऱ्या वाचकांस एक गोष्ट रोचक वाटेल. १५२२ साली लूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात रोमकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायात, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो या अर्थाच्या वाक्यात, त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीक पाठात तो शब्द नाही. प्रतिपक्षाने आक्षेप घेताच लूथरने १५३० साली उत्तर दिले की जर्मन भाषेच्या धाटणीस आणि पौलाच्या आशयास तो शब्द आवश्यक आहे. भाष्यकाराचा अर्थ मूळ पाठात शिरला म्हणजे केवढा वाद माजतो, हे पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

क्रियापक्ष

क्रियापक्षाचा आधार म्हणजे याकोबाचे पत्र. याकोब विचारतो, एखादा भाऊ वा बहीण उघडी आणि उपाशी असता तुम्ही ‘सुखी राहा’ असे तोंडाने म्हणून पाठवून दिलेत, तर त्याचा लाभ काय? तशीच क्रियेवाचूनची श्रद्धा निर्जीव होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. ईश्वर एक आहे एवढे मानणेच पुरेसे असते तर पिशाच्चेही ते मानतातच, आणि मानून थरथरतात, असा टोलाही तो देतो. आश्चर्य हे की याकोबानेही दृष्टांत घेतला आहे तो अब्राहामाचाच. अब्राहामाने आपला पुत्र इसहाक यास वेदीवर ठेवले, त्या कृतीने त्याचा विश्वास पूर्णत्वास गेला, असे तो म्हणतो. एकच पुरुष, त्याच्याविषयीचे एकच शास्त्रवचन. पौल त्यावरून श्रद्धा सिद्ध करतो, याकोब क्रिया. आणखी मौज अशी की ‘केवळ विश्वास’ अशी शब्दजोडी नव्या करारात एकाच ठिकाणी येते, ती याकोबाच्या या पत्रात, आणि तीही निषेधार्थ. लूथरला हे पत्र रुचले नाही. त्याने ते आपल्या भाषांतरात शेवटच्या ग्रंथांच्या ओळीत नेऊन बसविले.

क्रियापक्षाचा दुसरा मोठा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा आहे. तेथे अंतिम न्यायाचे वर्णन आहे. राजा उजवीकडच्यांस म्हणतो, मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, आजारी होतो, तेव्हा तुम्ही माझी विचारपूस केलीत. ते चकित होऊन विचारतात, हे आम्ही कधी केले? उत्तर मिळते की अगदी क्षुल्लक माणसासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले. डावीकडच्यांस दोष लागतो तो काही दुष्कृत्याचा नव्हे. तहानेलेल्यास पाणी दिले नाही, याचाच. ही कथा मी अनेकदा वाचली आहे. ती मला सुखाने वाचू देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आता रोमन पंथाचे अधिकृत मत पाहू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या उपदेशकाच्या नावे, मनुष्य आपल्या इच्छाबळाने सदाचरण करून ईश्वरास पात्र होऊ शकतो, असे मत प्रसृत झाले होते. ऑगस्टीन याने त्याचे खंडन केले आणि ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने ते मत त्याज्य ठरविले. पुढे लूथरास उत्तर देण्यासाठी ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात जी परिषद भरली, तिने १५४७ सालच्या निर्णयात प्रथमच हे सांगितले की ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वकर्माने कोणी नीतिमान ठरतो असे म्हणणारा बहिष्कृत होय. तिचे म्हणणे एवढेच की कृपा आधी येते, मनुष्य तिला होकार देतो, आणि त्या कृपेच्या बळावर घडलेली सत्कर्मे त्यास वाढवितात. प्रीतीवाचूनचा नुसता विश्वास पुरेसा नाही. तात्पर्य, निव्वळ क्रियेने तारण, हा पक्ष या दोहोंपैकी कोणत्याच पंथाचा नाही. वाद आहे तो, कृपेने तारल्यावर क्रियेचे स्थान कोणते, याचा.

समन्वय

आता दोन्ही पक्षांची संगती लागते काय? शब्दांचे अर्थ तपासले असता पुष्कळशी लागते. पौल ‘कर्म’ म्हणतो तेव्हा त्याच्या समोर सुंता, आहार, दिवस यांचे नियम आहेत, आणि त्या नियमपालनाच्या जोरावर ईश्वरापुढे हक्क सांगणारे मन आहे. याकोब ‘कर्म’ म्हणतो तेव्हा त्याच्या समोर उपाशी माणूस आहे. याकोब ज्या ‘विश्वासा’चा उपहास करतो ती केवळ बुद्धीची मान्यता होय. पौल ज्या विश्वासाची थोरवी सांगतो तो प्रीतीच्या द्वारा कार्य करणारा असतो, असे त्यानेच गलतीकरांस लिहिले आहे. दोघांचा रोख दोन निरनिराळ्या रोगांवर आहे. एकाने अहंकारावर औषध दिले, दुसऱ्याने ढोंगावर. एकाचे औषध दुसऱ्या रोग्यास पाजले म्हणजे अपाय होतो.

ही संगती लावण्यास ख्रिस्ती पंथांस जवळजवळ पाचशे वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरपंथीयांचा जागतिक संघ आणि कॅथलिक धर्मपीठ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्याच्या गुणामुळे नव्हे, तर कृपेनेच ईश्वर त्याचा स्वीकार करतो, आणि तीच कृपा त्यास सत्कर्मांसाठी समर्थ करते, असा त्याचा आशय आहे. पुढे २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड पंथांचे संघही त्यात सामील झाले. सर्व मतभेद मिटले असे नव्हे. परंतु ज्या मुद्द्यावर एकमेकांस बहिष्कृत केले होते, तो बहिष्कार आजच्या मतांस लागू नाही, एवढे उभयतांनी मान्य केले.

मराठी भूमीतील साक्ष

हा वाद युरोपातच राहिला असता तर आपणांस त्याचे अगत्य कमी वाटले असते. परंतु तो मराठी भाषेत आणि मराठी माणसांच्या आयुष्यातही उतरला. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. आमच्या मराठवाड्यात जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. तथापि श्रद्धा आणि क्रिया यांची ओढाताण ज्यांच्या एकाच आयुष्यात स्पष्ट दिसते, अशा पंडिता रमाबाई होत. त्यांनी १९०७ साली आपला आत्मानुभव इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केला. पुढील वृत्तांतास मुख्य आधार त्याचाच आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न ब्राह्मण. त्यांनी पत्नीस आणि मुलीस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, देवळांत पुराणे वाची, मिळेल त्यातून दानधर्म करी. व्रत, स्नान, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजन यांत त्यांनी काही उणे ठेवले नाही. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. असलेले सर्व पुण्यप्राप्तीसाठी खर्चून झालेले. अंगमेहनतीची सवय नाही, मागण्याची लाज. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. उरलेली बहीणभावंडे शेकडो कोस पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. तथापि ज्या कर्ममार्गावर आईबापांनी सर्वस्व वाहिले, त्याने काय दिले, हा प्रश्न मुलीच्या मनात राहिला.

पुढे बंधू गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला, आणि लहान मुलीस घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचे एक गृह लंडनच्या फुलम भागात होते. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांस आश्रय देऊन मायेने सांभाळीत. समाजाने टाकलेल्या स्त्रीस कोणी असे वागवील, ही गोष्टच रमाबाईंस नवी होती. असे का करता, हे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ध्यानात घ्यावे की रमाबाईंस ख्रिस्ताच्या दाराशी नेले ते तर्काने एकट्याने नव्हे; दुसऱ्यांच्या क्रियेने नेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कथा येथे संपली असती तर क्रियापक्षाचा विजय झाला असे म्हणता आले असते. परंतु रमाबाई पुढे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांस उमगले की आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. संस्कार झाला होता, शास्त्राभ्यास झाला होता, विधवांसाठी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढून सेवाकार्यही चालू होते. तरीही आतून त्या कर्जदारच होत्या. आपण पुरेशा चांगल्या झालो म्हणजे ईश्वर स्वीकारील, अशी वाट पाहत होत्या. ही वाट पाहणे सोडून, आहे तशी मी तुझी, असे त्यांनी म्हटले, तेव्हा ओझे उतरले. लूथरची धास्ती आणि रमाबाईंची धास्ती एकाच जातीची होती.

आता कोणी म्हणेल, कृपेने सर्व मिळाले तर पुढे कर्म कशास? रमाबाईंचे उत्तर शब्दांत शोधण्यापेक्षा केडगावी शोधावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली व बायका घेऊन आल्या. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे या शेकडो जणींसाठी ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, अंध मुलींस वाचावयास शिकविले, छापखाना काढून मुलींच्या हातांनी ग्रंथ छापले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी तेथे जे निराळे घर केले, त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘कृपासदन’. फुलम येथे जे पाहिले होते ते केडगावी घडले. दक्षिणेत दुष्काळात मेलेल्या आईबापांची मुलगी दुष्काळातल्या मुलींची आई झाली. ज्या कृपेचा हिशेब मागितला गेला नाही, तिला छप्पर आले, चूल आली.

या उदाहरणास दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. १८९३ साली शारदासदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत, यावरून पुण्यात मोठा गदारोळ झाला, सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. निराधारास दिलेला घास हा त्याच्या श्रद्धेची किंमत होऊ शकतो काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही तो सर्वच पंथांस विचारावा लागतो. रमाबाईंचा हेतू काय होता याचा निवाडा आपण करू नये. नियम मात्र सांगता येतो. कृपा विनामूल्य असेल तर तिची साक्ष देणारी सेवाही विनामूल्य असली पाहिजे. घासाच्या बदल्यात श्रद्धा मागणारा पुन्हा तारण घेऊन कर्ज देणाऱ्या सावकाराच्या पेढीवर जाऊन बसतो.

स्वपक्षविचार

आता आपल्या दाराकडे वळू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपल्या शास्त्रात स्वतंत्र सांगितले आहेत. कर्माचे फळ देवता देतात, पण ते फळ भोगून सरते. मोक्ष देणारा परमेश्वर एकच, आणि तो देतो ते आपल्या कृपाळूपणाने. म्हणजे कर्माने मोक्ष विकत मिळत नाही, हे आपणांस ख्रिस्ती शास्त्रापासून शिकावयाचे नाही. तसेच अटन, भिक्षाभोजन, स्मरण यांचा विधी सांगितला आहे. कृपेच्या नावाखाली आचरण सोडण्यास आपल्याकडे वाव नाही. श्रीचक्रधरस्वामींचा मार्ग हा अनुसरणाचा मार्ग आहे, आणि अनुसरण पायांनी करावे लागते.

भेद तर उघडच आहेत. जीवाचे अनादित्व, जन्मांची परंपरा, अवताराविषयीची आपली श्रद्धा, यांत तडजोड नाही. तथापि जे दोन रोग पौल आणि याकोब यांनी ओळखले ते पंथ पाहून येत नाहीत. ‘मी उपदेश घेतला, आता मला काय उणे?’ असे म्हणणारा वासनिक आपल्यातही आढळतो. ‘माझे इतके स्मरण झाले, इतकी पारायणे झाली’ अशी मोजणी करणाराही आढळतो. हा दुसरा मनुष्य मी स्वतः आहे, म्हणून त्याच्याविषयी अधिकाराने लिहू शकतो.

१९७२ च्या दुष्काळात मी विशीतला तरुण होतो. गावोगावी खडी फोडण्याची कामे निघाली होती, लोक सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढीत होते. आमच्या घरी रांजणात थोडे पाणी असे, ते आई कोसभरावरून आणी. एके दुपारी मी ओसरीत स्मरणास बसलो होतो. कामावरची एक बाई कडेवर मूल घेऊन दाराशी आली आणि तिने पाणी मागितले. घरात दुसरे कोणी नव्हते. स्मरणात खंड पडू नये म्हणून मी हाताने थांबण्याची खूण केली. ती उन्हात उभी राहिली. मी संख्या पूर्ण केली आणि डोळे उघडले तेव्हा दार रिकामे होते. आई डोक्यावर घागर घेऊन आली. तिला वाटेत ती बाई भेटली होती. आईने तिला घागरीतले पाणी पाजले होते. घागर उतरवीत ती मला एवढेच म्हणाली, “तुझं झालं का?”

त्या दिवशी संख्या पूर्ण झाली होती. आज पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्या संख्येचे मी काय करावे, ते मला कळलेले नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तहानेलेल्याची कथा वाचताना मला परका देश दिसत नाही, आमची ओसरी दिसते. स्मरण सोडावयास हवे होते, असे मी म्हणत नाही. ज्याचे स्मरण, तो दयाळू आहे, हे ज्यास खरोखर ठाऊक आहे, तो रांजणाशी जाता जाताही स्मरणातच असतो. मला ते ठाऊक नव्हते; मला संख्या ठाऊक होती. माझे स्मरण हे मी तारण म्हणून ठेवीत होतो.

निष्कर्ष

आता मुलीच्या प्रश्नांकडे येऊ. पहिल्याचे उत्तर असे की, तिच्या दोन्ही सहकारिणी आपापल्या परंपरेचे बोलत होत्या आणि दोघींचे बोलणे अर्धे अर्धे होते. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे तारण हे ईश्वराचे दान आहे. श्रद्धा म्हणजे ते दान घेणारा हात. आणि ज्या हाताने ते खरोखर घेतले, तो हात पुढे रिकामा बसत नाही. त्या वारलेल्या वृद्धाचे काय, याविषयी त्या शास्त्रातही एकवाक्यता नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली असे सांगितले की स्वतःच्या दोषावाचून ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे मनःपूर्वक ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. अनेक प्रॉटेस्टंट पंथ हे मान्य करीत नाहीत. कोणाचे काय झाले हे सांगण्याचा अधिकार मात्र परिचारिकेस नाही, आचार्यासही नाही, आणि हे लिहिणाऱ्यास तर मुळीच नाही. दाता जो आहे त्याने जाणावे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे तिच्या सेवेचा हिशेब कुठे लागतो याचे, उत्तर देताना मी थोडा अडखळलो. मग तिला म्हणालो, “पोरी, हिशेब लागावा म्हणून करशील तर तो लागेल, आपल्या शास्त्रात कर्माचे फळ बुडत नाही. पण ते फळ सरते. हिशेब विसरून करशील तर मोक्ष मिळेलच असे मी म्हणणार नाही, कारण तो माझ्या हातचा नाही. एवढे खरे की, रोगी पाणी मागेल तेव्हा तुझे डोळे उघडे असतील.”

ती म्हणाली, “रात्री दोन-तीन वाजता पाणी मागतात, आजोबा. तेव्हा हिशेब सुचत नाही.”

यापुढे मला काही सांगावयाचे उरले नव्हते. ज्या गोष्टीसाठी शास्त्रकारांनी शतके वाद घातला, ती तिला रात्रपाळीने शिकविली होती. शास्त्र तिला एवढेच देऊ शकेल की, दिवसा फुरसतीने हिशेब सुचू लागला तर तो कोणापाशी मांडू नये, हे ती ओळखील. सुज्ञांनी न्यून ते पूर्ण करून घ्यावे.

दंडवत प्रणाम.